टेलिफोनची मुकी घंटा

टेलिफोनची घंटा हा नभोवाणीवरील भाषणाचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका आपल्यापैकीं कित्येकांस येईल. हल्लीं खरीखुरी घंटा असलेला टेलिफोन घरोघरीं कुठें दिसतो? खिशांतल्या यंत्रांतून बासरी वाजते, भजन वाजतें, एखाद्याच्या खिशांत तर भर सभेंत कोंबडा आरवतो. परंतु गेल्या श्रावणांत आमच्या कुटुंबांत एक प्रसंग असा घडला कीं, त्यामुळें मला एका जुन्या काळ्या टेलिफोनचें पोट उघडून त्याची घंटा पुन्हां बोलती करावी लागली. तें करीत असतांना या लहानशा वस्तूविषयीं जें कळलें, तें आज आपणांस सांगावें असा माझा विचार आहे.

माझ्या आत्याबाई गुलमंडीवर राहतात. शहराचें नांव २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर झालें. गुलमंडी मात्र गुलमंडीच राहिली आहे. सुपारी हनुमानाच्या देवळापासून हांकेच्या अंतरावर त्यांचा जुना वाडा आहे. रस्त्याच्या बाजूस कापडाचें दुकान भाड्यानें दिलेलें, मधें चौक, आणि चौकाच्या पलीकडे स्वयंपाकघर. आत्याबाईंचें वय ऐशींच्या पुढें गेलेलें आहे. दिवसाचा बहुतेक वेळ त्या मागच्या बाजूसच असतात. बाहेर गाड्यांचे भोंगे, फेरीवाल्यांच्या आरोळ्या आणि सणासुदीच्या दिवसांत तर माणसांचा नुसता लोंढा, असा त्या पेठेचा एकंदर थाट आहे.

श्रावणांत त्यांच्या पुण्याच्या मुलीनें लागोपाठ दोन दिवस आईला टेलिफोन केला. सकाळीं केला, दुपारीं केला, रात्रीं केला. प्रत्येक वेळीं तिच्या कानांत घंटा वाजत असल्याचा आवाज येई, आणि उचलीत मात्र कोणी नसे. तिसऱ्या दिवशीं सकाळीं ती रडकुंडीस येऊन मला म्हणाली, "दादा, तूं आधीं गुलमंडीवर जाऊन ये." मी धांवतपळत गेलों, तों आत्याबाई चौकांत बसून डाळ निवडीत होत्या! मला पाहतांच म्हणाल्या, "वाट चुकलास वाटतें. अरे, दोन दिवस झाले, तुमच्यापैकीं एकाचाही टेलिफोन नाहीं. म्हातारीची आठवण कुणाला असणार?" मुलगी म्हणे, पंधरा वेळां घंटा वाजविली. आई म्हणे, एकदांही वाजली नाहीं. आणि नवल असें कीं, दोघीही खरें बोलत होत्या.

याचें कारण थोडें समजून घेतलें पाहिजे. आपण क्रमांक लावल्यावर आपल्या कानांत जो थांबून थांबून 'टर्र टर्र' असा नाद येतो, तो पलीकडच्या घरांतील घंटेचा आवाज आहे अशी पुष्कळांची समजूत असते. ती सर्वस्वीं चुकीची आहे. तो नाद टेलिफोनच्या केंद्रांत तयार होतो आणि तेथूनच आपल्या कानांत सोडला जातो. पलीकडच्या घराकडे त्याच वेळीं केंद्रांतून एक निराळा, चांगला जोरकस प्रवाह पाठविला जातो. त्यानें तेथील घंटा वाजावी अशी अपेक्षा असते. ती वाजली कीं नाहीं हें केंद्राला कळत नाहीं. तेथें कळतें तें इतकेंच, कीं पलीकडच्या माणसानें रिसीव्हर उचलला किंवा उचलला नाहीं.

टेलिफोनचे बाकीचे अवयव बिघडले म्हणजे ताबडतोब बोभाटा होतो. बोलण्याचा भाग बिघडला तर पलीकडचा "ऐकूं येत नाहीं" म्हणून ओरडतो. ऐकण्याचा बिघडला तर आपण ओरडतों. डायल बिघडली तर क्रमांक लागत नाहीं. घंटा मात्र मुकी झाली तर ती मुकी झाल्याचें सांगण्यास कोणीच उरत नाहीं. बोलावणारा समजतो, घरांत कोणी नाहीं किंवा मुद्दाम कोणी उचलीत नाहीं. ज्याला बोलावलें तो समजतो, आपली कोणास गरज उरली नाहीं. मधल्या मध्यें घंटा बिचारी नामानिराळी!

आत्याबाईंच्या घरीं गेल्या कांहीं वर्षांपासून बटणांचा एक हलका पांढरा टेलिफोन आहे. त्याला घंटा नाहीं. त्याच्या आंत एक चिमुकली चकती असून ती किरकिरते. आवाज बारीक आणि उंच पट्टीचा. वय वाढत जातें तसतसें कानांना प्रथम उंच पट्टीचेच स्वर ऐकूं येईनासे होतात, हें वैद्यकशास्त्रास चांगलें ठाऊक आहे. तेव्हां चौकापलीकडे बसलेल्या ऐशीं वर्षांच्या बाईस ती किरकिर ऐकूं येऊं नये यांत नवल कांहीं नव्हतें. खिशांतला टेलिफोनही मुलीनें घेऊन दिला होता. तो कपाटांत साड्यांच्या घडीखालीं स्वस्थ पडलेला असतो. त्या दिवशीं आत्याबाईच म्हणाल्या, "आपला जुना काळा होता, त्याची घंटा वाजली कीं सगळी आळी जागी व्हायची." तो काळा टेलिफोन माळ्यावर होता. मीं तो खालीं काढला.

तो बॅकेलाइटचा जड, काळाभोर संच १९६० नंतरच्या दशकांत घरांत आलेला. त्या काळीं टेलिफोनसाठीं अर्ज करून वर्षानुवर्षें थांबावें लागे, त्यामुळें तो आला त्या दिवशीं घरांत पेढे वांटले होते असें म्हणतात. बंगळूर येथें १९४८ सालीं स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी कारखान्याचा तो माल. त्याचा घाट मात्र ब्रिटनमध्यें १९३० नंतर प्रचारांत आलेल्या संचाचा आहे. हा घाट येण्यापूर्वीं घंटा बहुधा निराळ्या लांकडी पेटींत भिंतीवर टांगलेली असे. या संचांत ती टेलिफोनच्या पोटांतच बसविली गेली.

घंटेची कुळकथा तर याहूनही जुनी आहे. १८७६ सालीं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं टेलिफोन काढला, पण पलीकडच्या माणसास बोलवावयाचें कसें, याचा विचार त्या यंत्रांत नव्हता. तारेच्या या टोंकाला तोंड लावून ओरडावें, किंवा पेन्सिलीनें पडद्यावर टकटक करावी, आणि पलीकडे कोणी जवळपास असेल तर त्यानें ऐकावी! बेल यांचे सहकारी टॉमस वॉटसन यांनीं यावर नाना उपाय करून पाहिले, आणि १८७८ सालीं दोन वाट्या व मधें हातोडी अशी जी घंटा सिद्ध केली, तिचेंच तत्त्व पुढें जवळजवळ शंभर वर्षें जगभर चाललें. मुंबईस १८८२ सालीं टेलिफोनचें पहिलें केंद्र सुरू झालें.

आतां ही घंटा चालते कशी तें पाहूं. दाराची विजेची घंटा आपण सर्वांनीं पाहिली आहे. तिच्यांत प्रवाह सुरू झाला कीं हातोडी ओढली जाते, ओढली जातांच प्रवाह तुटतो, हातोडी मागें येते, पुन्हां प्रवाह जुळतो. टेलिफोनच्या घंटेंत असें तुटणें-जुळणें मुळींच नाहीं. केंद्रांतून येणारा प्रवाहच उलटसुलट वाहणारा असतो. आपल्या देशांत तो साधारणपणें पंचाहत्तर व्होल्टचा असून सेकंदास पंचवीस वेळां त्याचा फेरा पुरा होतो. म्हणजे सेकंदांत पंचवीस वेळां तो एका दिशेनें व पंचवीस वेळां दुसऱ्या दिशेनें वाहतो.

घंटेंत बारीक तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं शेजारीं शेजारीं उभीं असतात आणि त्यांच्या माथ्यावर एक लोखंडी पट्टी मध्यभागीं खिळीवर तोललेली असते. वाण्याच्या तराजूची दांडी डोळ्यांपुढें आणा, म्हणजे ही पट्टी दिसेल. जवळच एक कायमचा लोहचुंबक बसविलेला असतो. त्याच्या योगानें दोन्ही वेटोळ्यांचे गाभे पट्टीच्या दोन टोंकांना सारख्याच जोरानें ओढीत राहतात. म्हणून दांडी समतोल. आतां वेटोळ्यांतून प्रवाह आला, कीं एका बाजूचें चुंबकत्व वाढतें व दुसऱ्या बाजूचें घटतें, आणि दांडी एका अंगास कलते. प्रवाह उलटला कीं ती दुसऱ्या अंगास कलते. दांडीला जोडलेल्या काडीच्या टोंकावर हातोडी असते. ती डाव्या वाटीवरून उजवीवर, उजवीवरून डावीवर आपटत राहते. सेकंदास पन्नास टोले! त्या दोन वाट्यांचे स्वर मुद्दाम किंचित् निराळे ठेवलेले असतात, त्यामुळें आवाजाला खणखणीतपणा येतो. कायमचा चुंबक काढून टाकला तर प्रवाह कोणत्याही दिशेनें वाहो, दोन्ही बाजू सारख्याच ओढतील आणि दांडी जागची हलणार नाहीं. वॉटसन यांची करामत ती हीच.

राहतां राहिला जोडणीचा प्रश्न. टेलिफोनच्या दोन तारांवर केंद्रांतून नेहमींच सुमारें अठ्ठेचाळीस व्होल्टचा एकाच दिशेचा दाब असतो. घंटा त्या दोन तारांना सरळ जोडली, तर तिच्यांतून हा प्रवाह सदैव वाहत राहील आणि केंद्र समजेल कीं रिसीव्हर उचललेला आहे. म्हणून घंटेच्या वाटेवर एक कंडेन्सर बसवितात. कंडेन्सर एकाच दिशेच्या प्रवाहास अडवितो आणि उलटसुलट प्रवाहास वाट देतो. देवडीवरच्या चाणाक्ष पहारेकऱ्यासारखें त्याचें काम. एका तारेपासून कंडेन्सर, कंडेन्सरपासून घंटेचीं वेटोळीं, वेटोळ्यांपासून दुसरी तार: एवढीच ती जोडणी आहे. जुन्या संचांत हाच कंडेन्सर आणखीही एकदोन कामें करतो, त्यामुळें आंत पाहिल्यावर तारांचा गोंधळ वाटतो. कित्येक संचांच्या तळपत्र्याच्या आंतल्या बाजूस मांडणीचा आराखडा चिकटविलेला असतो. तो आधीं वाचावा, मगच स्क्रूला हात लावावा.

मीं तळपत्रा उघडला, आणि पहिल्याच दृष्टीस एक गोष्ट पडली. घंटेची एक तार तिच्या स्क्रूखालून सोडविलेली होती, आणि तिच्या उघड्या टोंकावर पांढऱ्या सुताचा दोरा व्यवस्थित गुंडाळून गांठ मारलेली होती. ही गोष्ट आपोआप घडणारी नव्हे. मीं आत्याबाईंना विचारलें. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हे आजारी होते ना, तेव्हां. घंटा झाली कीं दचकून उठायचे. दुकानांतल्या पोरानें सोडविली होती ती तार. दोरा मींच गुंडाळला. मग पुन्हां लावायची राहूनच गेली." पुढें नवा संच आला आणि हा माळ्यावर गेला.

मीं दोरा सोडविला, तारेचें टोंक बारीक पॉलिश कागदानें उजळलें आणि तें स्क्रूखालीं आवळलें. मग मीटर लावून वेटोळ्यांचा रोध पाहिला. अशा संचांत दोन्ही मिळून सुमारें एक हजार ओहम यावयास पाहिजे, आणि तेवढा तो आला. येथें मीं सुटकेचा निःश्वास टाकला. कारण वेटोळ्याची तार केसासारखी असते, ती आंत कोठें तुटली असती तर नवीन गुंडाळण्यावांचून गत्यंतर नव्हतें. तुटलीच तर ती बहुधा बाहेर येण्याच्या टोंकापाशीं तुटते, आणि तेथें हलक्या हातानें कथील वितळवून जोडतां येते.

मात्र हातोडी हलेना. खिळीवर धूळ व गंज बसून दांडी घट्ट झाली होती. अशा वेळीं तेलाचा थेंब सोडण्याचा मोह होतो; तो आवरावा. तेलावर धूळ बसते आणि सहा महिन्यांत त्याचें चिकट किटण होतें. मऊ कुंचला, कोरडें फडकें, फार तर स्पिरिटनें ओलसर केलेला कापूस पुरे. दांडी आणि गाभे यांच्या मधल्या फटींत लोखंडाचा कीस चिकटलेला असतो, तो चिकटपट्टीच्या टोंकानें उचलून काढावा. वाट्या चकचकीत करण्याच्या भरीस मी पडलों नाहीं. मळ काढला, बस्स.

परीक्षेसाठीं मीं जुन्या सामानाच्या एका दुकानांतून हातानें फिरवावयाचें जनित्र आणलें. डायल येण्यापूर्वींच्या टेलिफोनांना जी मूठ असे, तीच ही. मूठ फिरविली कीं तें घंटेला लागतो तसा उलटसुलट प्रवाह देतें. घरांतील दिव्याची वीज मात्र चुकूनही घंटेला लावूं नये. ती दोनशें तीस व्होल्टची असते. वेटोळें तर जळेलच, पण लावणाऱ्याच्या जिवावरही बेतेल. टेलिफोनची तार देखील काम करतांना भिंतीपासून काढून ठेवावी. आपण आंत हात घातलेला असतांना कोणाची हांक आली तर पंचाहत्तर व्होल्टचा झटका कांहीं थट्टेचा नसतो.

मीं मूठ फिरविली, आणि घंटा वाजली. आत्याबाई स्वयंपाकघरांतून पदराला हात पुशीत बाहेर आल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

येथें काम संपलें असें मला वाटलें होतें. पण संच भिंतीला जोडून पुण्यास तिला क्रमांक लावावयास सांगितलें, तों घंटेनें निम्मा टोला दिला आणि ती गप्प झाली. तिकडे ती म्हणे, "कोणीतरी उचलला, पण बोलत नाहीं." दोष कंडेन्सरचा होता. मेणकागदाचा तो जुना कंडेन्सर इतक्या वर्षांनीं झिरपूं लागला होता, म्हणजे पहारेकरी डुलक्या देत होता. घंटेचा प्रवाह सुरू होतांच त्याच्यातून एकाच दिशेचा प्रवाहही निसटे, आणि केंद्र समजे कीं रिसीव्हर उचलला गेला. हातजनित्रावर हा दोष दिसला नव्हता, कारण तेथें रिसीव्हर उचलल्याची दखल घेणारें केंद्रच नसतें. दोन मायक्रोफॅरडचा, अडीचशें व्होल्ट सोसणारा प्लॅस्टिक पापुद्र्याचा नवा कंडेन्सर थोडक्या पैशांत मिळतो. तो मीं जुन्याच्या जागीं बसविला. जुन्याचें कवच काढून टाकणें जिवावर आलें म्हणून तें तसेंच राहूं दिलें.

आतां घंटा थांबून थांबून वाजूं लागली, पण क्षीण. याला कारण नवा काळ. आत्याबाईंच्या घरीं आतां तांब्याची तार येत नाहीं. कांचेचा तंतु येतो, आणि भिंतीवरची एक पांढरी पेटी घंटेचा प्रवाह स्वतः तयार करते. अशा पेट्यांचा जोर बहुधा जुन्या केंद्राइतका नसतो. त्यांतच बटणांचा संचही त्याच जोडणीवर होता आणि असलेला जोर त्या दोघांत वांटला जात होता. त्या संचाच्या बाजूस किरकिर बंद करण्याची खटकी असते, ती मीं बंद केली. तो संच मीं काढून टाकला नाहीं, कारण जुन्या डायलचे ठोके या नव्या पेट्यांना पुष्कळदां समजत नाहींत; बाहेर क्रमांक लावण्यास बटणेंच बरीं. मग काळ्या संचांतील दांडीला एका बाजूस ओढून धरणारी जी नाजूक स्प्रिंग असते, ती किंचित् सैल केली. ही स्प्रिंग असते ती अशासाठीं कीं, शेजारच्या संचाची डायल फिरतांना घंटेनें उगीच किणकिणूं नये. आत्याबाईंकडे आतां डायल फिरविणारें कोणी नाहीं. त्यामुळें ती सैल करण्यांत तोटा नव्हता.

शेवटचें काम वाट्यांचें. वाटीचें भोंक बरोबर मध्यावर नसतें, किंचित् बाजूस असतें. हा कारागिराचा हलगर्जीपणा नव्हे. स्क्रू सैल करून वाटी थोडी फिरविली कीं तिची कड हातोडीच्या जवळ येते किंवा दूर जाते, आणि त्यावर आवाज लावतां येतो. हातोडी विसावलेली असतांना वाटीस टेकलेली असूं नये. टेकली तर खण् असा स्वर न निघतां नुसती थडथड होते. कागदाची एक घडी मधें सरकेल इतकी फट ठेवावी आणि मग कानानें ठरवावें. माझा अर्धा तास त्यांतच गेला. मी वाटी केसभर फिरवी, पुण्याहून हांक येई, आत्याबाई चौकाच्या पलीकडून "आली" किंवा "नाहीं" असें सांगत.

संध्याकाळपर्यंत घंटा अशी लागली कीं, स्वयंपाकघरांत कुकरची शिट्टी चालू असतांनाही ती ऐकूं येई. पुण्याहून शेवटची हांक आली तेव्हां मीं रिसीव्हर उचलला नाहीं. आत्याबाईच चौक ओलांडून सावकाश आल्या, तोंवर घंटा वाजत राहिली. दोन दिवसांपूर्वींच्या त्या पंधरा हांकांचा उलगडा मायलेकींनीं मग आपसांत केला. तो मीं ऐकला नाहीं.

चार दिवसांनीं पुढच्या बाजूचे कापडाचे दुकानदार मला भेटले. आवाज भारी आहे, गिऱ्हाईक दचकतें, असें ते जरा संकोचानें म्हणाले. मीं जाऊन डावी वाटी थोडी मागें फिरविली. आत्याबाईंना फरक कळला, त्या म्हणाल्या, "तेवढी चालेल. पण याहून कमी करूं नकोस."